लातूरला खोल्या बांधाव्यात की संभाजीनगरला फ्लॅट घ्यावा?

मन्याडकाठचा (धागाकर्ता) · १४ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. नोकरीची अकरा वर्षं राहिलीत. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला, भावाभावांत वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला २६ लाख आले. बायको म्हणते एफडी करा आणि गप बसा. मेव्हणे म्हणतात पैसा बँकेत सडतो, जागेत घाला. जागेत घालायचा तर दोन रस्ते दिसतात.

पहिला रस्ता लातूरचा. खाडगाव रोडच्या बाजूला आमचा १२०० चौरस फुटांचा प्लॉट २००९ पासून पडून आहे. त्यावर खाली चार आणि वर चार खोल्या काढायच्या, अकरावी-बारावीच्या आणि नीटच्या पोरांना द्यायच्या. एका खोलीत दोघं, खोलीचे ५,००० धरले तरी महिना ४०,०००. मिस्त्री २४ लाखांत उभं करून देतो म्हणतोय.

दुसरा संभाजीनगरचा. बीड बायपासला टू बीएचके, ३८ लाख. पंधराएक लाख कर्ज काढावं लागेल. भाडं ११,००० येईल असं दलाल सांगतो. शिवाय बिडकीनला मोठमोठ्या कंपन्या येताहेत, समृद्धी महामार्ग झालाय, पाच वर्षांत किंमत दुप्पट.

निवृत्तीनंतर पेन्शनीला जोड म्हणून दरमहा काही यावं एवढीच इच्छा आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं सांगा. चांगलं सांगणारे इकडे पुष्कळ भेटले.

---

देवणी खिलार · १४ फेब्रुवारी

वाचतोय. माझाही हाच प्रश्न, फक्त २६ लाख नाहीत.

---

आकडेमोड · १५ फेब्रुवारी

गुरुजी, आधी पाटीवर गणित मांडू.

फ्लॅट ३८ लाखांचा, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून साडेचाळीस लाखांना पडेल. आईंच्या किंवा वहिनींच्या नावे घेतलात तर मुद्रांकात एक टक्का वाचतो. बांधकाम चालू असलेला असेल तर जीएसटी वेगळा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटला तो लागत नाही. भाडं वर्षाचं १,३२,०००. त्यातून एक महिना रिकामा धरा, मेंटेनन्स महिना १,५००, घरपट्टी, रंग, नळाची गळती, पंखा. हातात ८०-८२ हजार राहतील. म्हणजे दोन टक्के. १५ लाखांच्या कर्जाला पावणेनऊ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता १३,२५० च्या आसपास बसतो. भाडेकरू तुमचा हप्ता फेडेल हे दलालाचं वाक्य इथेच मोडतं. हप्ता तुम्हीच भराल, भाडेकरू हातभार लावेल.

लातूरच्या खोल्यांचं गणित गोड दिसतं कारण त्यात तुम्ही प्लॉट फुकटचा धरलाय. तो प्लॉट आज विकला तर काय येईल ते २४ लाखांत मिळवा आणि मग टक्के काढा. ते निम्म्यावर येतात की नाही बघा. आणि तिथे बसणाऱ्या माणसाचा पगार मी अजून धरलेलाच नाही.

करांचं थोडक्यात: भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा जाते, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या असोत वा नसोत. भाड्याच्या घरावरच्या कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत असाल तर घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. 'कर्ज काढा, टॅक्स वाचतो' असं सांगणारा माणूस जुन्या प्रणालीत राहिलाय. आणि मालमत्ता घेताना खात्याला कळवायचं विसरू नका, तुम्ही जिल्हा परिषदेचे आहात.

---

वाळूज रिटर्न · १५ फेब्रुवारी

आकडेमोड यांच्याशी सहमत. माझ्या बजाजनगरात सहा खोल्या होत्या, नऊ वर्षं चालवल्या, विकून मोकळा झालो.

कंपनी कामगारांचं भाडं चांगलं येतं, रोख येतं, पण कंपनीची एक शिफ्ट बंद झाली की तीन खोल्या एका रविवारी रिकाम्या. कुलूप लावून गेलेल्या माणसाला फोन केला तर तो गोरखपूरला पोचलेला असायचा.

सगळ्यात मोठी चूक मी विजेत केली. सहा खोल्यांना एकच मीटर. महावितरणचा दर युनिटांच्या टप्प्यांनी वाढतो. सहा घरं मिळून जळलेली वीज एकाच बिलात आली की सगळी वरच्या टप्प्यात जाते. भाडेकरू म्हणतो, माझ्या खोलीत एक पंखा आणि एक बल्ब, मला एवढं बिल कसं? त्याचंही बरोबर असतं. सबमीटर लावले तर रीडिंगवरून भांडण. शेवटी एक कुटुंब तीन महिन्यांचं बिल थकवून गेलं, १४,००० मी भरले, कारण मीटर माझ्या नावावर. खोल्या बांधणार असाल तर पहिल्या दिवसापासून वेगळी मीटरं मागा. खर्च होतो, डोकं वाचतं.

---

पुणेकर झालेला बीडकर · १६ फेब्रुवारी

संभाजीनगरच्या फ्लॅटबद्दल लिहितो, कारण माझा आहे. सातारा-देवळाई भागात, २०१४ ला घेतला, मी राहतो पुण्यात.

तिथे कागद आधी बघा, फरशी नंतर. शहराच्या कडेच्या कितीतरी वसाहती गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या जमिनीवरच्या आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करून घ्यायची सोय झाली. 'होऊन जाईल, फाईल टाकलीय' असं म्हणणाऱ्याच्या हातात नियमित झाल्याचं प्रमाणपत्र आहे का, एवढंच विचारा. नसेल तर बँक कर्ज देताना खळखळ करते आणि उद्या तुम्ही विकायला गेलात तर तुमचा ग्राहकही तिथेच अडतो.

दुसरं पाणी. पैठणला नाथसागर काठोकाठ भरलेला असतो, पेपरात दरवाजे उघडल्याचे फोटो येतात आणि आमच्या बिल्डिंगमध्ये टँकर येतो. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी मेंटेनन्सपेक्षा जास्त. भाडेकरू म्हणतो भाड्यात धरा, शेजारचे फ्लॅटवाले म्हणतात तुम्ही राहत नाही तर तुम्हीच द्या. सोसायटी नोंदलेली असेल तर भाड्याने दिल्याबद्दल सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बिगर-भोगवटा शुल्क घेता येत नाही, २००१ चाच शासन आदेश आहे. पण आमच्यात सोसायटीच नाही, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि एक सेवानिवृत्त काका आहेत. ते सांगतील ते शुल्क.

रात्री साडेअकराला भाडेकरूचा फोन येतो, 'सर, फ्लशची टाकी वाहतीय.' मी हिंजवडीत. प्लंबर शोधा, त्याला गुगल पे करा, तो गेला की नाही विचारा. दहा हजारांच्या भाड्यासाठी.

---

औसा रोडची काकू · १६ फेब्रुवारी

गुरुजी, मी लिहायला नवीन. लेकीनं मोबाइलवर बोलून लिहायचं शिकवलंय, चुकलं तर समजून घ्या.

आमचे मालक गेले तेव्हापासून, म्हणजे २०११ पासून, वरच्या सहा खोल्या मी लेकरांना देते. त्याच्यावर घर चाललं, लेकीचं लग्न झालं. वाईट म्हणणार नाही. पण तुम्ही ४०,००० लिहिलं ते ऑगस्टचं लिहिलं. मे महिन्याचं लिहा.

नीटचा पेपर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. पेपर झाला की तिसऱ्या दिवशी घर ओस. बादल्या, फुटके मग, रद्दीची दोन पोती मागं ठेवून जातात. मग रिपीटर, म्हणजे पुन्हा नीट देणारे, येतात ते निकालानंतर, अकरावीचे त्याच्याही नंतर. दोन महिने कोरडे धरा. धरले नाहीत तर जूनमध्ये उसनं मागावं लागतं.

आता पाण्याचं. नळ आठ-आठ दिवसांनी येतो. कधी सकाळी सहाला, कधी रात्री दोनला. तेव्हा मोटार लावायला माणूस जागा पाहिजे. ते लेकरं करत नाहीत, त्यांच्यावर सोडलं तर टाकी भरून गल्लीत पाणी वाहतं आणि शेजारीण दारात. बोअर आहे ४५० फुटांचा, उन्हाळ्यात हवा ओकतो. मोटार दोनदा जळाली.

२०१६ चं साल तुम्हाला आठवत असंल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, एप्रिलच्या १२ तारखेला पहिली गाडी, ५ लाख लिटर. लोक गाडीला नारळ फोडायला गेले. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. पण माझ्या सहांतल्या चार खोल्या त्याच्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या. आईबापानं लेकराला पाण्यासाठी रांगेत उभं करायला लातूरला पाठवलेलं नसतं ना. मग २०२० ला करोना. मार्चमध्ये सगळे गेले, काहींच्या गाद्या वर्षभर माझ्याकडं. त्या वर्षी मी कुणाला भाडं मागितलं नाही. मागून मिळणारही नव्हतं.

आणि एक गोष्ट तुमच्या गणितात कुठंच नाही. ही लेकरं सोळा-सतरा वर्षांची असतात. एका साली हिंगोलीकडचं एक पोरगं होतं, हुशार. दिवाळीनंतर त्याचा डबा दाराबाहेर तसाच राहायला लागला. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी दार वाजवून आत गेले. टेस्टमध्ये मार्क पडले नव्हते, झोप नव्हती, कुणाशी बोलणं नव्हतं. त्याच्या वडलांना मीच फोन केला, ते येईपर्यंत रात्रभर खाली माझ्याकडं टीव्हीपुढं बसवलं. ते घेऊन गेले, पुढं त्यानं बी.एस्सी. केलं, अजून संक्रांतीला फोन करतो. आता सांगा, तुम्ही अहमदपूरला असता तर तो डबा कुणी बघितला असता?

---

आकडेमोड · १६ फेब्रुवारी

काकू, माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा तुमचा मोलाचा आहे. टक्के काढायचे तर तुमच्या पगारासकट काढायला पाहिजेत.

---

कोर्टाची पायरी · १७ फेब्रुवारी

नांदेडला वकिली करतो, म्हणून फक्त कागदाचं बोलतो.

'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही' हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून जिल्हा कचेरीपर्यंत ऐकू येतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कैदेचं सोडा, खरी मेख पुढे आहे. करार नोंदलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात, खोटं आहे हे सिद्ध तुम्ही करायचं. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेले करार घेऊन लोक माझ्याकडे येतात, मी त्यांना पाणी देतो.

खर्च फार नाही. एकूण भाडं आणि अनामतीवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. महिना ८,००० भाडं आणि २५,००० अनामत असेल तर अकरा महिन्यांना दोन-तीनशे रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा घेऊन घरबसल्या ऑनलाइन होतं. फायदा असा की मुदत संपूनही लायसन्सवाला हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतर तो राहिला त्या काळाची भरपाई दुप्पट दराने लागते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणं वेगळं, ते ऑनलाइनही होतं.

विद्यार्थ्यांबाबत एक विसरतात. अठरा वर्षांखालच्या मुलाशी करार होत नाही. बापाशी किंवा आईशी करा.

आणि भाडं थकलं म्हणून नळ तोडू नका, वायर काढू नका. कलम २९ आहे. थकबाकीदार राहतो बाजूला, आरोपी तुम्ही होता.

---

नागसेनवन ९८ · १८ फेब्रुवारी

सगळे मालकाच्या बाजूने बोलायलेत, एक भाडेकरूही बोलू द्या.

मी १९९८ ला जिंतूर तालुक्यातून संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, मिलिंद कॉलेजात शिकायला आलो. आता बँकेत आहे, बदल्या होतात. आजवर अकरा घरं भाड्याने घेतली. भाडं एकदाही थकवलं नाही. तरी प्रत्येक गावी तेच. फोनवर खोली रिकामी असते. दारात गेलं की पहिला प्रश्न नोकरी, दुसरा आडनाव. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरूनही कळलं नाही तर 'देवघर कुठल्या कोपऱ्यात मांडणार?' उत्तर दिलं की मालकांचे मेव्हणे अचानक राहायला येणार असतात.

तुम्हाला चांगला भाडेकरू मिळत नाही म्हणता. तुम्ही दारातूनच किती परत पाठवले ते मोजा एकदा.

---

तटस्थ · १८ फेब्रुवारी

वैयक्तिक घेऊ नका, पण घर माझं असेल तर कुणाला द्यायचं हे मीच ठरवणार ना? काही लोकांच्या घरात खाण्यापिण्याचं असतं म्हणून विचारतात.

---

नागसेनवन ९८ · १८ फेब्रुवारी

मग खाणं विचारा की सरळ. आडनावात काय शिजतं?

---

औसा रोडची काकू · १९ फेब्रुवारी

खरं सांगते, माझ्याकडंही आधी तसंच होतं. २०१६ ला खोल्या रिकाम्या पडल्या आणि आडनाव विचारायचं सुटलं. शहाणपणानं नाही सुटलं, गरजेनं सुटलं. पण सुटलं ते सुटलंच. आता एवढंच विचारते, रात्री गाणी लावतो का आणि ओला टॉवेल कुठं वाळवणार.

---

जर्मन परभणीकर · १९ फेब्रुवारी

जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत आमचा एक भाडेकरू. सात वर्षं झाली, भाडं २,२०० वरून २,८०० झालंय. वाढवू का म्हटलं तर तो जेवायला बोलावतो. त्याच्या पोरीच्या बारशात माझीच आई आत्या म्हणून बसली. आता कुठल्या तोंडानं मागू? गुरुजी, करारात दरवर्षीची वाढ लिहूनच घ्या. लिहिलेलं असलं की तोंड उघडावं लागत नाही.

अवांतर: दलालांचं 'कंपनी येणार' ऐकून काही घेऊ नका. बिडकीनला टोयोटाने जुलै २०२४ ला सामंजस्य करार केला, त्या आठवड्यात आमच्या चुलत भावाने तिकडे एनए (बिगरशेती) नसलेल्या जमिनीत दोन गुंठे घेतले. सातबारावर अजून अकरा जणांची नावं आहेत, त्यातलं याचं कुठलं तुकडं ते कुणालाच माहीत नाही. लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन २०१८ ला झालं, तेव्हाही प्लॉट असेच उडाले होते.

---

कुंटूरचा विहिरवाला · २० फेब्रुवारी

गुरुजींना एकच सांगणं. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी दगडात नाही, दगडाच्या भेगेत असतं. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला दोन इंच पाणी आणि तुमच्याला फुफाटा, असं होतं. मिस्त्रीचा हिशोब फेब्रुवारीत करू नका. मे महिन्यात जा, आजूबाजूच्या चार घरांत बोअर किती वेळ चालतो ते विचारा. टँकरवाल्यालाही विचारा, तो खोटं बोलणार नाही, त्याचा धंदा आहे.

---

मन्याडकाठचा (धागाकर्ता) · २१ फेब्रुवारी

सगळ्यांचे आभार. फ्लॅटचा विचार सोडला. दलालाला तसं सांगितलं तर तो म्हणाला, 'सर, ३६ ला बसवून देतो.' मे महिन्यात लातूरला जाऊन येतो आणि इथेच लिहितो. कुणी धागा बंद करू नका.

---

मन्याडकाठचा (धागाकर्ता) · १७ मे

सांगितल्याप्रमाणे जाऊन आलो. दुपारी दीड वाजता खाडगाव रोडला छत्री धरून फिरत होतो, लोक मला जनगणनेवाला समजले. शिक्षक असल्याने ते अगदीच चूक नाही.

प्लॉटच्या आसपास चार घरांत विचारलं. दोन बोअर मार्चपासून बंद. एक सकाळी अर्धा तास चालतो. चौथ्या घरच्या आजोबांनी बोअरबद्दल बोलणंच टाळलं, त्यांच्या अंगणात मात्र जास्वंद फुललेली होती. टँकरवाला सापडला. ५,००० लिटरला ८०० रुपये, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं. सोळा पोरांना माणशी १०० लिटर धरले तर तीन दिवसांना एक टँकर, म्हणजे महिना ८,०००. आठ खोल्यांतल्या दीड खोलीचं भाडं टँकरच पिणार. काकूंचे दोन कोरडे महिने धरून, प्लॉटची किंमत धरून आकडेमोड यांच्या पद्धतीने पुन्हा मांडलं. एफडीच्या आसपासच येतं, थोडं खालीच.

घरी येऊन बायकोला वही दाखवली. मला वाटलं 'बघा, मी म्हणत नव्हते' असं म्हणेल. म्हणाली नाही. आमचा धाकटा यंदा दहावी झाला, त्याला लातूरलाच घालायचं ठरलंय. म्हणाली, 'त्याच्यासाठी खोली शोधणारच आहोत, डबा लावणारच आहोत. यंदाचं वर्ष काढू कसंबसं. पण पुढच्या वर्षी त्याच्या बारावीला मी जाऊन राहते. खाली चारच खोल्या बांधा. एकीत मी आणि हा, तीन भाड्यानं. वरचं राहू द्या. आणि भिंतीच्या आधी हौद बांधा.'

तर आता असं ठरलंय. चार खोल्या, प्रत्येकीला वेगळं मीटर, २०,००० लिटरचा जमिनीतला हौद, गच्चीचं पावसाचं पाणी त्यातच. साधारण १४ लाख. उरलेले १२ लाख तिच्या नावे एफडी. करार मुलांच्या वडलांशी, नोंदणीकृत. बायकोने स्वतःहून एक वाढवलं: आडनाव विचारायचं नाही, पण आईशी फोनवर बोलल्याशिवाय खोली द्यायची नाही.

पोराची बारावी झाल्यावर तिथे कोण राहणार, हा प्रश्न शिल्लक आहे. तोवर माझी नोकरी नऊ वर्षांची राहिलेली असेल.

मिस्त्री म्हणतो हौद जिन्याखाली घेऊ, जागा वाचेल. काकू, बरोबर आहे का?

---

औसा रोडची काकू · १७ मे

जिन्याखाली मुळीच घेऊ नका. टँकरचा पाइप तिथं वळत नाही, अर्धं पाणी पायरीवर सांडतं. फाटकाजवळ घ्या, आणि झाकण लोखंडी करा, कुलपाचं.